नत्थूजींच्या नावाचं कार्ड

रामाकोन्याचा हेमराज घागरे ठाण्यात फिर्यादी म्हणून गेला आणि आरोपी होऊन बाहेर आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्याकडे आला तेव्हा आपण नेमकं काय केलं हे त्याला कळलेलं नव्हतं, पण ज्यांनी कागद लिहिला त्यांना ते चांगलं कळलेलं होतं. सौसरच्या कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानामागे माझी एक खोली आहे, तिला मी ऑफिस म्हणते. तिथल्या खुर्चीच्या टोकावर बसून तो हातातला दुपट्टा पिळत होता.

"मॅडम, चोरी आमच्या घरी झाली," तो म्हणाला, "आन् चोर म्हणून नाव माह्यंच लिवलं."

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं. "आणि माझ्यापासून काही लपवायचं असेल तर आत्ताच घरी जा अन् संत्र्याला पाणी द्या."

माझं बोलणं तिखट आहे, हे सगळं कोर्ट जाणतं. माझे बाबा, वामनराव, नगरपालिकेत नोकरीला होते. पोरीचं नाव करुणा ठेवलं तिथंच आपलं चुकलं, असं ते येईल त्याला सांगायचे.

हेमराजनं सांगितलं ते असं. त्याचे वडील नत्थूजी म्हणजे त्या भागात नाव असलेला माणूस. संत्र्याचा बगीचा नीट राखलेला, आणि पांढुर्ण्याच्या बाजारात त्यांचा शब्द म्हणजे लेखी करार. एका बँकेनं त्यांना क्रेडिट कार्ड दिलं, तेव्हा त्यांनी ते आठवडाभर शर्टाच्या वरच्या खिशात दिसेल असं ठेवलं होतं. डिझेल, फवारणीचं औषध, ठिबकच्या नळ्या, सगळं त्या कार्डावर घ्यायचे आणि बिल तारखेच्या आधी भरायचे. मोबाईल मात्र ते कधी बरोबर नेत नसत. तो घरी, फडताळात, मनकर्णाबाईंच्या ताब्यात. मनकर्णाबाई म्हणजे नत्थूजींची बायको, हेमराजची माय.

मग एका सकाळी नत्थूजी बगीच्यातच गेले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. तेरवी झाली, गाव जेवलं, आणि घर पुन्हा चालू लागलं. कार्ड फडताळात होतं, त्याचा पिन हेमराजला ठाऊक होता. डिझेल संपलं तसं त्यानं कार्ड उचललं. बिल आलं तसं भरलं. कार्ड बंद करावं लागतं, बँकेला कळवावं लागतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"तुमचे वडील गेलेत आणि तुम्ही त्यांच्या नावाचं कार्ड वापरताय, यात काही वावगं वाटलं नाही तुम्हाला?"

"वावगं काय जी त्यात? लाइटीचं मीटर चिंधूजीच्या नावानं हाय."

"चिंधूजी कोण?"

"माह्या बाबूजीचे बाबूजी. मी शाळेत होतो तवाच वारले. अर्धं वावर बी त्याईच्याच नावानं हाय आजून. सोसायटीचं खत बाबूजीच्या नावानं येते. नाव मोठ्याचंच राह्यते ना घराले."

त्याचं खरं होतं. आमच्या भागात घर मेलेल्या माणसांच्या नावावरच चालतं. दर महिन्याला चिंधूजींना विजेचं बिल येतं आणि चिंधूजी ते इमानेइतबारे भरतात. सरकारची त्याबद्दल कधी तक्रार नाही. पण मीटर कुणाला विचारत नाही की तुम्ही चिंधूजीच बोलताय का. बँकेनं विचारलं, आणि सगळं बिघडलं ते तिथंच.

जुन्या कार्डाची मुदत संपली म्हणून बँकेनं नवं पाठवलं. ते सुरू करण्यासाठी फोन आला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, नत्थूजींशी बोलतेय का? हेमराज म्हणाला, हो, बोला. तिनं जन्मतारीख विचारली. त्यानं बापाची सांगितली. कार्ड सुरू झालं.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी घरच्या मोबाईलवर दुसऱ्याच एका माणसाचा फोन आला. मी बँकेतून बोलतोय, कार्डावर बक्षिसाचे पॉइंट पडून आहेत, आज संपतील, मोबाईलवर आकडा येईल तो सांगा. मनकर्णाबाईंनी आकडा वाचून दाखवला. तासाभरात कुठल्या तरी परमुलखातल्या दुकानातून कार्डावर खरेदी झाली. हेमराजनं त्याच दिवशी मोबाईलवरून मेसेज पाठवून कार्ड ब्लॉक केलं आणि दुसऱ्या दिवशी तो ताठ मानेनं ठाण्यात गेला, कारण चूक त्याची नव्हती. मुन्शीनं अर्ज लिहायला घेतला आणि म्हणाला, कार्ड ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या, सही लागेल.

"ते त वारले," हेमराज म्हणाला. मुन्शीनं पेन खाली ठेवला.

बँकेकडून कागद मागवले गेले. कागदांबरोबर त्या फोनचं रेकॉर्डिंग आलं. मग बँकेनंच तक्रार दिली. पॉइंटवाल्या भामट्याचा नंबर कुण्या तिसऱ्याच गरिबाच्या नावावर निघाला आणि तपास तिथं थांबला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं रामाकोन्यात लोक म्हणू लागले. काही लोक दुसरंही म्हणू लागले होते, की पोरानं मेलेल्या बापाच्या नावावर खाल्लं. हेमराजला जेलपेक्षा या वाक्याची धास्ती जास्त होती.

"सजा किती असते जी याले?"

मी त्याला लपवून सांगितलं नाही. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केली तर न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद. फोन किंवा कॉम्प्युटर वापरून तेच केलं तर आयटी कायद्यात तीन वर्षांपर्यंत, दंड वेगळा. दुसऱ्याचा पिन, पासवर्ड बेइमानीनं वापरला त्याचीही तेवढीच. पोलिसांनी मोठ्या फसवणुकीचं कलम जोडलं तर सात वर्षांपर्यंत जातं, आणि त्यांनी ते जोडलं होतं.

त्याचा चेहरा उतरला, तेव्हा मी घाईनं पुढचं सांगितलं. "हे सगळं कधी? त्यांनी तुमच्या मनातली बेइमानी सिद्ध केली तर. कायदा नुसतं काय केलं ते पाहत नाही, काय मनात धरून केलं तेही पाहतो."

"मनातलं कसं पायतीन?"

"वागण्यावरून. दुसरा रस्ता नाही."

त्यानं दुपट्ट्याला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "मॅडम, त्या चोट्ट्यानं फोनवर खोटं नाव सांगतलं. मी बी खोटं नाव सांगतलं. मंग त्याच्यात आन् माह्यात फरक काय?"

अशिलानं असा प्रश्न विचारला की वकिलाला राग येतो, कारण तो सरकारी वकिलानं विचारायचा असतो. मी त्याला म्हटलं, हे कोर्टात बोलू नका. पण घरी गेल्यावर तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या विहारात आम्ही लहानपणापासून पंचशील म्हणत आलो. न दिलेलं न घेणं हे त्यात एक शील आणि खोटं न बोलणं हे वेगळं शील. मला तेव्हा वाटायचं, दोन कशाला, एकात भागलं असतं. वकिलीत आल्यावर कळलं की चोराला पहिलं मोडलं तरी पुरतं आणि थापाड्याला दुसरं. फसवणुकीच्या गुन्ह्याला मात्र दोन्ही मोडावी लागतात, आणि एक दुसऱ्यासाठी मोडावं लागतं. घ्यायचं म्हणून खोटं बोलावं लागतं. हेमराज खोटं बोलला होता हे तर टेपवरच होतं. त्यानं काही घेतलं होतं का, एवढाच माझा खटला होता.

त्याआधी मी खटला टाळून पाहिला, हेही सांगते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आम्हा वकिलांच्या पोटावर पाय देणारी आहे, पण खोटी नाही. असल्या गुन्ह्यात राजीनामा होतो, म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. मोठ्या कलमाला कोर्टाची परवानगी लागते, तीही मिळते. लोकअदालतीत एका दुपारी सगळं मिटलं असतं. बँकेचा वकील तयार होता. त्यांची अट एवढीच की हेमराजनं माफीनाम्यावर सही करावी: बेइमानीच्या इराद्यानं मयत वडिलांच्या नावाचा वापर केला.

"सही करा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं.

"बेइमानीच्या इराद्यानं हे खोडा, मंग करतो."

"ते खोडायला बँक तयार नाही."

"मंग मी बी नाई. बाबूजीच्या नावानं बेइमानी केली असं लिवून देल्यावर गावात कोन्या तोंडानं राहू? सजा झाली त कोर्टानं म्हटलं असन. हे मीच म्हटल्यावानी होते."

मी चिडले. वर्ष-दीड वर्ष तारखा खाल, म्हटलं, बगीचा कोण पाहील? तो उठला, नमस्कार केला आणि पुढची तारीख विचारून गेला.

साक्षी-पुराव्याच्या आधी मी रामाकोन्याला त्याच्या घरी गेले. हेमराज बगीच्यात होता. मनकर्णाबाईंनी पाटावर बसवलं, चहा दिला. बाई चौथी शिकलेल्या, हिंदी सावकाश पण बरोबर वाचणाऱ्या. फोन पोलिसांनी जप्त करून नेला होता. ज्या फडताळात तो असायचा तिथं रिकामा चार्जर अजून लटकत होता.

"तुमचे मालक फोन घरीच ठेवायचे म्हणे," मी विचारलं.

"हो ना. पण त्याईची खबर मले त्याच्यावरच भेटे." त्या हसल्या. "कार्ड फिरवलं का मेसेज ये. पांढुर्ण्याच्या औषधाच्या दुकानाचा आला म्हणजे बाजार झाला. मंग सौसरच्या पंपाचा ये. पंपाचा आला का मी कणीक भिजवू. पोळी तव्यावरून उतरली का हे दारात."

"आणि ते गेल्यावर?"

"गेल्यावर बी येतच राह्यले मेसेज. हेमराज फिरवे ना कार्ड. पंपाचा मेसेज ये, प्रिय नत्थूजी म्हणून. मी कणीक भिजवू." त्यांनी पदर नीट केला. "तो नव्या कार्डाचा फोन आला तवा मी इथंच बसली होती. पोरगा माह्याकडे पाहून राहिला. मीच मानेनं म्हटलं, हो म्हण. तारीख बी मीच बोटावर दाखवली. त्याचा काई दोष नाई मॅडम. तुम्ही माह्यं नाव सांगा ना तिथं."

परत येताना मला ओरडावंसं वाटत होतं. एवढी चांगली गोष्ट हातात आली होती आणि ती वापरली तर बँकेचा वकील म्हाताऱ्या बाईलाही आरोपीच्या रांगेत उभं करू शकत होता. बगीच्याच्या बांधावर हेमराज भेटला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला समजलं की मायनं सांगितलं.

"मायचं नाव काढाचं नाई," तो म्हणाला. "हे एकच सांगतो. बाकी तुम्ही म्हणसान तसं."

कोर्टात आमची न्यायाधीश तरुण होती, तिकडं भोपाळकडची, मराठी तिला अर्धंमुर्धं कळायचं. सरकारी वकील गजेंद्र आणि मी एकाच कॉलेजात होतो. माणूस सरळ आहे, म्हणून जास्त धोक्याचा. त्यानं रेकॉर्डिंग लावलं. क्या मेरी बात नत्थूजी से हो रही है? हो, बोला जी. जन्मतिथि? मग थोडी शांतता. त्या शांततेत मागे कुठं तरी परातीचा आवाज होता. त्यानंतर हेमराजनं नत्थूजींची जन्मतारीख सांगितली. हेमराज सोडला तर कोर्टात मी एकटीच होते जिला त्या परातीजवळ कोण बसलं होतं हे ठाऊक होतं.

गजेंद्रनं मग पांढुर्ण्याहून कृषी केंद्रवाले यशवंतराव यांना साक्षीला बोलावलं. नत्थूजी वारल्यावर त्यांच्याच कार्डावर यशवंतरावांच्या दुकानात खरेदी झाली, एवढं त्याला त्यांच्या तोंडून हवं होतं. यशवंतराव इस्त्रीचे कपडे घालून आले होते.

"आरोपीला ओळखता का? तो समोर उभा आहे तो कोण?" गजेंद्रनं हिंदीत विचारलं.

"नत्थूजी," यशवंतराव म्हणाले.

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली.

"नत्थूजी तर मरण पावले ना?" गजेंद्रनं विचारलं.

"हो ना. मी त्याईच्या मातीले होतो."

"मग हे कोण?"

"त्याईचा पोरगा. हेमराज असन नाव, पण आमच्याइथं त्याले नत्थूजीच म्हणते. त्या घरची गाडी आली म्हणजे नत्थूजीच आले. उद्या याचा पोरगा आला त त्याले बी नत्थूजीच म्हणू."

"पण कार्डावर मेलेल्या माणसाचं नाव आहे हे तुम्ही पाहिलं नाही?"

"मशीन पिन इचारते साहेब, नाव नाई इचारत."

गजेंद्र खाली बसला. मी उलटतपासणीत एकच गोष्ट विचारली: कार्डावर घेतलेला माल कधी परत आला, तक्रार झाली, बिल बुडालं, असं काही कानावर आलं? नत्थूजीच्या घराचं बिल बुडत नसते, यशवंतराव म्हणाले, आणि ते कोणत्या नत्थूजीबद्दल बोलत होते हे मला कळलं नाही.

त्या दिवशी मी इतकी खूश होते की हेमराजला रस्त्यापलीकडच्या टपरीवर स्वतः चहा पाजला. नावाचं काम झालं, मी म्हटलं. सवयीनं निघालं हे आता त्यांच्याच साक्षीदारानं सांगितलं. पुढच्या तारखेला न्यायाधीश तुम्हालाच प्रश्न विचारतील. फोनबद्दल विचारलं की म्हणायचं, सवयीनं बोललो. जास्त नाही. आरोपीला गप्प राहायचा हक्क आहे, तो वापरा.

त्यानं चहा बशीत ओतला. "नाव सवयीनं निघालं, खरं हाय. पण जन्मतारीख सवयीनं निघत नाई ना मॅडम."

"ते त्यांना शोधू द्या."

"त्याईनं नाई शोधलं त?"

"तर देवाचे आभार माना." मी बौद्ध आहे, पण वकिलीत असं तोंडातून निघून जातं.

पुढच्या तारखेला मनकर्णाबाई आल्या. नको म्हटलं तरी आल्या आणि मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या. हेमराजनं एकदा मागं वळून पाहिलं. मग न्यायाधीशांनी विचारायला सुरुवात केली. कार्ड वापरलंत? हो. वडील वारल्यावर? हो. फोनवर स्वतःला नत्थूजी म्हणालात?

"हो जी. नाव सवयीनं निघालं." मी सुटकेचा श्वास घेतला, आणि तो पुढं बोलला. "पण जन्मतारीख मी जाणून सांगतली. ती बाबूजीची हाय, माही नाई, हे मले मालूम होतं."

टायपिस्टची बोटं थांबली. गजेंद्रनं माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते, त्या नजरेत आनंद नव्हता. मी खाली फाइलीत तोंड घातलं. पाच वर्षांपर्यंत, सात वर्षांपर्यंत, जे काही मी त्याला त्या खोलीत सांगितलं होतं ते सगळं त्यानं एका वाक्यात आपल्या डोक्यावर ओढून घेतलं होतं. मला त्याचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी हेही वाटलं की या खोलीत आज कुणीतरी मला न घाबरता खरं बोललं.

"क्यों?" न्यायाधीशांनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या कागदावर नसावा.

"कार्ड बंद होऊ नये म्हणून."

"बंद होऊन दुसरं, स्वतःच्या नावाचं घेता आलं असतं. मग हेच का?"

हेमराजचा हात दुपट्टा पिळायला गेला, पण दुपट्टा त्यानं बाहेर ठेवला होता.

"बंद कराचं त सांगा लागते ना जी, बाबूजी वारले म्हणून. ते आमच्या घरी आजून कोनी तोंडानं म्हटलं नव्हतं."

न्यायाधीशांनी मला विचारलं, काय म्हणाले? मी हिंदीत सांगितलं. मागच्या बाकाकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. हेमराजनं मायचं नाव काढलं नव्हतं, दिलेला शब्द पाळला होता.

शेवटच्या युक्तिवादात गजेंद्र चांगलं बोलला. बँक पत पाहून उधार देते, तो म्हणाला, आणि पत जिवंत माणसाची असते. नत्थूजींना दिलेलं हेमराजला दिलेलं होत नाही. मी उभी राहिले आणि आधी कबूल केलं की माझा अशील खोटं बोलला. मग म्हटलं, त्या खोट्यानं त्यानं कुणाचं काय नेलं ते दाखवा. एक बिल उशिरा भरलेलं दाखवा. भामट्यानं उडवलेली रक्कमसुद्धा यानं बिलाच्या तारखेला स्वतःच्या खिशातून भरली, कुणी मागायच्या आधी. आणि ज्याच्या मनात चोर असतो तो आपल्या पायानं ठाण्यात जात नाही.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी हिंदीत वाचलं. बरंच लांब होतं, पण मला त्यातलं एकच ठिकाण आठवतं, कारण तिथं त्या वाचताना थांबल्या. झूठ साबित है. बेईमानी साबित नहीं है. हेमराज निर्दोष सुटला.

तो लगेच हसला नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाला, "झूठ साबित है, असं म्हटलं ना त्याईनं?"

"सुटलात ना तुम्ही. आता हेच धरून बसा," मी म्हटलं. पण हा माणूस ते धरून बसणार हे मला कळत होतं, आणि कोर्टाच्या कागदानं ते सुटणार नव्हतं.

काही दिवसांनी जप्तीतला मोबाईल परत मिळाला. हेमराज आणि मनकर्णाबाई तो घेऊन माझ्याकडे आले, संत्र्यांची पिशवी घेऊन. संत्री खाऊन पाहिली, गोड होती, तसं मी सांगितलं. फोन कधीचा बंद पडलेला. झेरॉक्सवाल्याकडून चार्जर आणून लावला.

"सिम कधीच मेलं असेल," मी म्हटलं. "इतके दिवस पडून होता."

"नाई जी," हेमराज खाली बघत म्हणाला. "रिचार्ज करून राहिलो होतो."

फोन पोलिसांच्या मालखान्यात, आणि हा बाहेरून त्यात पैसे भरतोय. मी काही तरी टोचून बोलणार होते. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा मी आणखी एक संत्रं सोलायला घेतलं.

फोन सुरू झाला आणि अडकलेले मेसेज एकामागून एक येऊ लागले. जाहिराती, सणाच्या शुभेच्छा, सगळे नत्थूजींच्या नावानं. पंपाचा एकही नव्हता. मनकर्णाबाई पडद्याकडे पाहत होत्या. मग फोन वाजला. हेमराजनं सवयीनं हात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे. फोन वाजतच होता.

मनकर्णाबाईंनी तो उचलला. पलीकडं कुणी मुलगी होती, विम्याच्या कंपनीची असावी. आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"नमस्ते. क्या मेरी बात नत्थूजी से हो रही है?"

"नाई, बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ते वारले. मी त्याईची घरवाली बोलून राहिली. मनकर्णा."

"ओह. माफ़ कीजिए. तो उनका नाम लिस्ट से हटा दूँ?"

"हो. हटवून दे."

त्यांनी फोन टेबलावर उलटा ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. हेमराज उभाच होता. त्यांनी त्याचा हात ओढून त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

"एवढंच त सांगाचं होतं रे," त्या म्हणाल्या. "मी तुले दुसरंच बोलाले लावलं."